जोडता-सोडता येणाऱ्या टेकड्या: टेबलटॉप खेळासाठी पहिला संच

मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावर मांडायच्या चिमुकल्या शिपायांच्या, खेळात नवा आलेला माणूस पहिली टेकडी हमखास एकसंध करतो. थर्मोकोलचा मोठा तुकडा घ्यायचा, कडा तासायच्या, हिरवा रंग फासायचा. मीही तशीच केली होती. दिसायला बरी होती, पहिले तीन-चार डाव मजा आली. मग जाणवलं की ती टेबलावर कुठेही ठेवली तरी डाव तोच होतोय. तोच चढ, तोच आडोसा, माथ्यावर आधी कोण पोचतो याचीच शर्यत. कंटाळा घालवायला आणखी चार टेकड्या केल्या, तेव्हा त्या ठेवायला जागा उरेना.

मॉड्यूलर, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या जोडता-सोडता येणाऱ्या, टेकड्या इथे कामी येतात. सात तुकडे केले तर एका दिवशी त्यांची टेबलभर पसरलेली डोंगररांग होते, दुसऱ्या दिवशी दोन सुट्या टेकड्या आणि मध्ये खिंड. कल्पना जुनीच आहे. प्रशियातल्या बॅरन फॉन राइसविट्झने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी युद्धखेळाचं एक टेबल बनवून दिलं होतं. त्यात उठावदार भूभागाचे चौकोनी तुकडे हवे तसे मांडून दर वेळी नवा प्रदेश तयार करता येई. आपण त्याचंच स्वस्त, हलकं रूप करणार आहोत.

खाली दिलेली मापं २८ मिमीच्या मिनिएचरसाठी आहेत. १५ मिमीच्या खेळासाठी थराची जाडी निम्मी करा, बाकी पद्धत तीच.

फोमला हात लावण्याआधी: जोडाचा छेद

टेकडीचा माथा कसाही असू दे. वेडावाकडा, खडकाळ, सपाट, तुमची मर्जी. पण जिथे एक तुकडा दुसऱ्याला भिडतो ती उभी कापलेली बाजू सगळ्या तुकड्यांची सारखीच हवी, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर. संच जमतो किंवा फसतो तो इथेच, म्हणून पहिली संध्याकाळ फक्त पुठ्ठा आणि पेन्सिल यांच्यावर घालवा.

मी वापरतो तो छेद, म्हणजे या बाजूचा आकार, असा. पायथ्याची रुंदी ३० सेंमी. थर दोन, प्रत्येक २५ मिमी जाड, म्हणजे माथा ५ सेंमीवर. डावीकडून मोजत जायचं: ० ते २ सेंमी खालच्या थराचा उतार, २ ते ८ सपाट पायरी, ८ ते १० वरच्या थराचा उतार, १० ते २० सपाट माथा, मग तेच उलट क्रमाने ३० पर्यंत. पायरी ६ सेंमी रुंद आहे, त्यामुळे २५, ३२ आणि ४० मिमीचे बेस (मिनिएचरच्या पायाखालच्या चकत्या) तिच्यावर निवांत बसतात. २५ मिमीची उंची २८ मिमीच्या शिपायाच्या जवळजवळ हनुवटीला येते. म्हणजे पायरीमागे तो लपतो, पण डोकं बाहेर राहतं. खेळात आडोशावरून वाद कमी व्हावेत असं वाटत असेल तर ही उंची सोयीची.

पायऱ्याच का, नैसर्गिक सलग उतार का नाही? कारण उतारावर मिनिएचर घसरतात, धातूच्या तर नक्कीच. खात्री करायची असेल तर फोमच्या उरलेल्या तुकड्यावर वाळू चिकटवून घ्या, त्यावर तुमची सगळ्यात अवजड मिनिएचर उभी करा आणि तुकडा एका बाजूने हळूहळू उचला. ती जिथे घसरेल तो तुमचा कमाल उतार. बहुतेकांना तो वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघतो. सलग उताराची टेकडी फोटोत जास्त देखणी दिसते हे मान्य, पण खेळताना दर दोन मिनिटांनी कोणीतरी आडवा पडलेला असतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: छेद मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखा हवा. माझ्या पहिल्या संचात मी एका अंगाला उभा कडा आणि दुसऱ्या अंगाला सावकाश उतार घेतला होता. कागदावर फारच झकास दिसत होतं. तुकडे तयार झाले, दोन तुकडे तोंडाला तोंड लावले आणि कड्यासमोर उतार आला. समोरासमोर आले की एकाची डावी बाजू दुसऱ्याच्या उजवीला भिडते, हे इतकं साधं गणित कापून झाल्यावर डोक्यात शिरलं. अख्खी शीट वाया. कडा हवाच असेल तर तो तुकड्याच्या पोटात घ्या, जोडावर नको.

सारखेपणा साधायची सोपी युक्ती आहे. जाड कागद मधोमध दुमडा, दुमडीपासून अर्धाच छेद काढा आणि दोन्ही पदर एकत्र कापा. उलगडलं की आपोआप सममित साचा मिळतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवून धारदार ब्लेडने नीट कापून घ्या. मध्यरेषा ठळक आखा आणि साचा जपून ठेवा. वर्षभराने आठवा तुकडा करावासा वाटेल तेव्हा हाच लागणार आहे.

सात तुकडे कोणते

चार टोकं, दोन सरळ, एक वळण. टोकाला एकच जोड असतो. पुढे ते डोंगराच्या सोंडेसारखं उतरत जातं. सरळ तुकड्याला समोरासमोर दोन जोड. वळणाला काटकोनात दोन. टोक, सरळ, वळण, सरळ, टोक अशी मांडणी केली की मोठी काटकोनी रांग होते आणि उरलेल्या दोन टोकांची एक सुटी टेकडी. टोकाचा जोड टेबलाच्या कडेला टेकवला तर डोंगर टेबलाबाहेर कुठेतरी पुढे गेलाय असं वाटतं. हा वापर बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

सामान

फोम एक्सपीएस घ्या. हा घट्ट, बारीक रंध्रांचा फोम इमारतींच्या उष्णतारोधनासाठी बनतो आणि बनवणाऱ्यानुसार निळा, गुलाबी अशा रंगांत मिळतो. दाणेदार पांढरं थर्मोकोलही चालतं, पण ब्लेडने कापताना त्याचे मणी उडतात आणि अंगाला, ब्रशला, गोंदाला, सगळ्याला चिकटतात. शिवाय त्यावर खडकाचा पोत उठत नाही. २५ मिमी जाडीच्या ६० × १२० सेंमी मापाच्या दीड शीटमध्ये सातही तुकडे बसतात. दोन घेतल्या तर चुकायलाही वाव राहतो.

बाकी: लांब पात्याचा कटर आणि भरपूर नवी पाती, धातूची पट्टी, गुण्या, पांढरा गोंद म्हणजे पीव्हीए, बांबूच्या काड्या, मास्किंग टेप, दोन-तीन प्रतींची चाळलेली वाळू, पाण्यात मिसळणारे रंग, गवत. हॉट वायर कटर, म्हणजे तापलेल्या तारेने फोम कापणारं अवजार, असला तर काम भराभर होतं, नसला तरी अडत नाही.

कापणं

शीटवर ३० सेंमीचे चौकोन आखा आणि कापा. पातं पूर्ण बाहेर काढून, आडवं धरून, तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापायचं. एका दमात दाबून कापायला गेलात की फोम फाटतो आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. पातं जरा बोथट झालं की टाकून द्या, इथे काटकसर महागात पडते. आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत नको.

जोडाची बाजू कापली की गुण्या लावून बघा. ती अगदी उभी हवी. एखाद-दुसरा अंश जरी कललेली राहिली तरी दोन तुकडे खाली भिडतात आणि वर इंग्रजी व्हीसारखी फट राहते. रंगाने ती झाकली जाईल असं वाटतं. नाही जात. पॉलिश पेपर एका सपाट फळीवर चिकटवा आणि जोडाची बाजू त्यावर घासून सरळ करून घ्या. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

मग साचा जोडाच्या बाजूला धरून उताराच्या खुणा करा, खालच्या पृष्ठभागावर आणि वरच्याही. या खुणांपासून आत ३ सेंमीपर्यंत उतार साच्याप्रमाणेच राहील, त्यानंतर हात मोकळा सोडा. कड आत घ्या, बाहेर फुगवा, एखादी घळ कापा. सरळ तुकड्याची पायरी मध्येच ४ सेंमीवर आली किंवा ८ वर गेली तरी चालेल, फक्त दुसऱ्या जोडाशी पोचेपर्यंत पुन्हा साच्यावर या.

वळणाचा तुकडा लोकांना अवघड वाटतो. पण तिथे साच्याचेच आकडे वापरायचे आहेत. चौकोनाच्या ज्या कोपऱ्यात जोडाच्या दोन बाजू मिळतात तिथे टाचणी टोचा, तिला दोरा बांधा आणि २, ८, १०, २०, २२, २८, ३० सेंमी त्रिज्येचे चाप काढा. खालच्या थराचा वरचा पृष्ठभाग २ ते २८, वरच्या थराचा तळ ८ ते २२ आणि माथा १० ते २०. चाप दोन्ही बाजूंना जिथे टेकतात तिथे साच्याच्या खुणा आपोआप जुळलेल्या दिसतील. पहिल्यांदा हे जुळताना पाहिलं तेव्हा मला उगाचच फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

हॉट वायर वापरत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा. तार लाल झाली किंवा फोममधून धूर निघायला लागला तर तापमान जास्त आहे, कमी करा. बरोबर तापलेली तार फोममधून सावकाश, जवळजवळ आवाज न करता जाते आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडते.

खडक

जिथे कडा किंवा दगड हवा तिथे कापू नका, तोडा. कटरने अर्धा सेंमी खोल रेघ मारायची, पातं जरा मुरडायचं आणि फोमचा टवका उपटायचा. तुटलेला पृष्ठभाग खराखुरा दगडी दिसतो, कापलेला कधीच नाही. मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून त्यावर दाबत जा, दर दाबाला बोळा थोडा फिरवा. दहा मिनिटांत गुळगुळीत फोमचा खडबडीत कातळ होतो. भेगा आडव्या ठेवायच्या की उभ्या हे आधी ठरवा आणि सगळ्या तुकड्यांवर तेच पाळा, नाहीतर एकाच डोंगरात दोन जातींचे खडक शेजारी येतात.

चिकटवणं

दोन फोमच्या थरांमध्ये लावलेला पांढरा गोंद कडेला पटकन वाळतो आणि मध्ये ओला राहतो, कारण आत हवाच जात नाही. मी एकदा आठवड्यानंतर थर उकलून पाहिले होते, आत अजून लोण्यासारखा गोंद. म्हणून गोंद पातळ पसरा, वरच्या थरातून खालच्यात बांबूच्या तीन-चार काड्या तिरक्या घुसवा, वर जड पुस्तकं ठेवा आणि किमान दोन दिवस हात लावू नका. थर नंतर सुटायला बघतील, पण काड्या ते होऊ देत नाहीत. सगळी कापाकापी चिकटवण्याच्या आधी उरकून घ्या. वाळलेला गोंद आणि बांबू दोन्ही हॉट वायरला अडवतात, आणि अडलेली तार शेजारचा फोम खात बसते.

चिकटवताना दोन्ही थर जोडाच्या बाजूला एका सपाट फळीला टेकवून ठेवा, म्हणजे वरचा थर मिलिमीटरभरही पुढे येणार नाही.

सुपरग्लू फोमला लावू नका, साधा सुपरग्लू तो खातो. ॲसिटोन किंवा थिनर असलेलं काहीही तसंच.

चुंबकं

ही पायरी ऐच्छिक आहे, पण फोम इतका हलका असतो की कोणाची बाही लागली तरी डोंगर सरकतो. जोडाच्या प्रत्येक बाजूला दोन चुंबकं पुरतात. ८ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची निओडिमियम चुंबकं घ्या. मध्यरेषेपासून दोन्हीकडे ८ सेंमीवर आणि तळापासून १२ मिमी उंचीवर ती बसवायची. ही भोकंही साच्यातच पाडून ठेवा.

घोळ होतो तो ध्रुवांचा. सगळ्या चुंबकांची चळत करा. चळतीत ती आपोआप एकाच दिशेने लागतात. वरचं एक-एक काढत प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्या. आता नियम एकच: जोडाकडे समोरून बघताना डाव्या भोकात ठिपका बाहेर, उजव्या भोकात ठिपका आत. दोन तुकडे समोरासमोर आले की एकाचं डावं दुसऱ्याच्या उजव्याला भेटतं, म्हणजे कोणताही जोड कोणत्याही जोडाला ओढतो. नर-मादी असे वेगळे जोड ठेवायची गरज राहत नाही. दोन भागांच्या एपॉक्सीने बसवा, चुंबक पृष्ठभागाच्या केसभर आतच ठेवा. लहान मुलं असलेल्या घरात ही चुंबकं उघडी सोडू नका. एकाहून जास्त गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेतू शकतं.

कवच आणि वाळू

उघडा फोम नखानेही दबतो, त्याला कवच हवं. पांढरा गोंद आणि गडद तपकिरी रंग सारखे मिसळा, ब्रश फिरेल इतपत पाणी घाला आणि दोन हात द्या. तळालाही द्या. गोंद वाळताना आकसतो, एकाच अंगाला लावला तर तुकडा केळ्यासारखा वाकतो.

त्याआधी जोडाच्या बाजूंवर मास्किंग टेप लावायला विसरू नका. गोंद, वाळू, पुन्हा गोंद असे थर चढत जाऊन प्रत्येक बाजू मिलिमीटरभर जाड होते, आणि दोन बाजूंची मिळून फट दिसण्याइतकी. सगळं झाल्यावर टेप काढून त्या बाजूला तपकिरी रंगाचा एकच पातळ हात द्या. फट थोडी राहिलीच तर ती मातीची भेग वाटते. गुलाबी फोम डोकावला तर खेळ संपेपर्यंत नजर तिथेच जाते.

वाळूसाठी गोंद पायऱ्यांवर आणि माथ्यावर पसरा, कातळ सोडा. आधी थोडे जाड खडे, कड्याच्या पायथ्याशी जास्त, कारण दरड तिथेच साचते. मग मधली वाळू, शेवटी बारीक. दिवसभर सुकू द्या, सुटी वाळू झटका, आणि एक भाग गोंद, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबणामुळे पाणी थेंब धरून न बसता वाळूत झिरपतं. ही पायरी गाळली तर प्रत्येक डावानंतर टेबल झाडावं लागतं.

रंग

स्प्रेचा डबा दूर ठेवा. त्यातले द्रावक आणि वायू फोम विरघळवतात. माझ्या एका टेकडीवर कवचात राहिलेल्या टाचणीएवढ्या छिद्रातून स्प्रे आत गेला आणि वरून धडधाकट दिसणारा कडा आतून पोकळ झाला. बोट लावलं तर बोटच आत. ब्रशने पाण्याचे रंग लावा, वेळ थोडाच जास्त लागतो.

गडद तपकिरी आधीच आहे. आता मध्यम तपकिरी, मग मातकट पिवळा, मग हस्तिदंती, असे तीन हात कोरड्या ब्रशने. ब्रशला रंग लावायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि उरलेला नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. कातळाला हेच करड्या छटांत. सातही तुकडे एकाच बैठकीत, एकाच भांड्यातल्या रंगाने रंगवा आणि थोडा रंग डबीत भरून ठेवा.

गवत

टेबलावरची चटई ज्या रंगाची, त्याच रंगाचं गवत घ्या, निदान पायथ्याशी. नाहीतर टेकडी जमिनीतून वर आलेली न वाटता वर आणून ठेवलेली वाटते. २ ते ४ मिमी लांबीचं स्टॅटिक ग्रास (बारीक कृत्रिम तंतूंचं गवत) पुरे. ते उभं राहायला विद्युतभार देणारं यंत्र मिळतं. नसेल तर मऊ प्लास्टिकच्या बाटलीत भरून जवळून फुसकन मारलं तरी बऱ्यापैकी उभं राहतं. सगळीकडे सारखं पसरू नका. माती टिकते तिथे, म्हणजे सपाटीला आणि घळीत दाट, कडेला विरळ, जिथून पायवाट जाईल तिथे अजिबात नाही. जोडाच्या शेवटच्या सेंटिमीटरवर गवत आणि माती साधारण निम्मी-निम्मी ठेवा, म्हणजे कोणताही तुकडा शेजारी आला तरी रंग एकदम बदलत नाही.

जोडाची रेघ लपवायला मी वेगळ्या टोप्या करतो: उरलेल्या फोमचे २५ मिमी जाडीचे, ८ सेंमी रुंद आणि १५-२० सेंमी लांब खडकाळ तुकडे, माथ्यावर नुसते ठेवायचे. जोडावर ठेवले की रेघ मधोमध तुटते आणि डोळा तिचा माग सोडतो. शिवाय टेकडीला तिसरी उंची मिळते. पायरीवरच्या रेघेवर एखादं सुटं झुडूप.

पहिल्या डावाआधी समोरच्याशी दोन गोष्टी बोलून घ्या: २५ मिमीची पायरी चढायला किती चाल लागते, आणि बेस अर्धा पायरीबाहेर लटकला तर तो वर धरायचा की खाली.

ठेवताना तुकडे एकमेकांवर रचू नका, गवत चेपतं ते कायमचं. खोक्यात पुस्तकांसारखे उभे लावा, मध्ये पातळ पुठ्ठा. चुंबकं पुठ्ठ्यातूनही एकमेकांना ओढतात, म्हणून जोडाच्या बाजू एकाआड एक विरुद्ध दिशांना ठेवा. आणि साचा त्याच खोक्याच्या झाकणाला आतून टेपने चिकटवून टाका. मी तो दोनदा हरवला आहे.